खांद्याच्या नावावर खपलेले दुखणे : कॉलरबोन आणि उरोस्थीच्या सांध्याचे एक प्रकरण

ज्या बाईंविषयी हे टिपण आहे त्या ५४ वर्षांच्या असून शाळेत शिकवतात. ओळख पटेल असे सर्व तपशील गाळले किंवा बदलले आहेत. निदानाला लागलेला उशीर मात्र जसाच्या तसा ठेवला आहे, कारण तो माझ्याच हातून झाला आणि या प्रकरणात इतरांच्या उपयोगी पडेल असे जे काही आहे, ते बहुतेक त्या उशिरातच दडलेले आहे.

पहिली भेट

बाईंना अकरा वर्षांपासून मधुमेह होता. गोळ्या चालू होत्या, पण साखर आटोक्यात नव्हती; तीन महिन्यांची सरासरी दाखवणारे एचबीए१सी ९.६ टक्के होते. तक्रार उजव्या खांद्याची होती आणि तिला दोन आठवडे झाले होते. फळ्याच्या वरच्या ओळी लिहिताना हात वर जात नाही, उजव्या कुशीवर झोपता येत नाही आणि हात पाठीमागे नेला की कळ येते, असे त्यांनी सांगितले. मधुमेह असलेल्या, पन्नाशी ओलांडलेल्या व्यक्तीने ही तीन वाक्ये उच्चारली की अस्थिरोगतज्ज्ञाच्या मनात तिसरे वाक्य संपायच्या आतच ‘फ्रोझन शोल्डर’ हे शब्द उमटलेले असतात. मधुमेहात खांदा आखडण्याचे प्रमाण खरोखरच जास्त असते, त्यामुळे अंदाज म्हणून त्यात वावगे काही नव्हते. पण मी त्या अंदाजावरच तपासणी उरकली. हात वर उचलायला लावला, तो नव्वद अंशांच्या थोडा पुढे जाऊन दुखून थांबला, आणि मी केसपेपरवर ‘सर्व हालचाली मर्यादित’ असे लिहिले. सर्व हालचाली मी तपासल्या नव्हत्या.

आमच्या बाह्यरुग्ण विभागात खांद्याच्या रुग्णांसाठी एक छापील तक्ता वापरला जातो. त्यावर खांद्याचे रेखाचित्र असते आणि जिथे दुखते तिथे रुग्णाने फुली मारायची असते. चित्र कोपरापासून सुरू होऊन वर खांद्यापर्यंत येते आणि कॉलरबोनच्या मध्यावर तुटते. गळ्याकडचा भाग त्यात नाहीच. बाईंनी फुली मारली होती ती चित्राच्या बाहेर, रेघ संपते तिथून बोटभर पुढे, कोऱ्या कागदावर. मला ती दिसली. पेन घसरले असेल असे वाटून मी पान उलटले.

वेदनाशामक गोळ्या आणि फिजिओथेरपी सुरू झाली. गोळ्यांनी दुखणे थोडे कमी झाले. त्याच गोळ्यांनी संध्याकाळी येणारी कणकणही झाकून ठेवली, हे पुढे लक्षात आले.

दुसरी भेट

तीन आठवड्यांनी बाई परत आल्या त्या एक मागणी घेऊनच. शेजारच्या कुणाला खांद्यात इंजेक्शन दिल्यावर बरे वाटले होते. “डॉक्टर, मलाही एक इंजेक्शन देऊन टाका, म्हणजे सुटेन एकदाची,” त्या म्हणाल्या. व्यायामाने दुखणे वाढत होते, आणि फिजिओथेरपिस्टनेच चिठ्ठी पाठवून कळवले होते की खांदा आखडल्यासारखा वाटत नाही, कृपया पुन्हा पाहावे. ही चिठ्ठी आली नसती तर मी बहुधा इंजेक्शन भरले असते.

या वेळी मी त्यांना एकाच बोटाने दुखण्याची जागा दाखवायला सांगितले. पहिल्यांदा त्यांनी, सगळेच रुग्ण ठेवतात तसा, सबंध तळवा खांद्यावर ठेवला होता. आता त्यांनी तर्जनी गळ्याच्या खळगीच्या उजव्या काठावर, कॉलरबोनच्या आतल्या टोकावर टेकवली आणि लगेच काढून घेतली. “आठ दिवसांपासून आरशात ही बाजू जाड दिसते,” असे म्हणून त्यांनी मान किंचित डावीकडे वळवली. समोरून नीट पाहिले तर दोन्ही बाजूंतला फरक कुणालाही दिसला असता. सुमारे तीन सेंटिमीटर लांबीचा, कडा अस्पष्ट असलेला उंचवटा होता. त्वचा किंचित गुलाबी, हाताच्या मागच्या बाजूने स्पर्श केल्यावर डावीकडच्यापेक्षा उघडच गरम, आणि दाबल्यावर हाडासारखी टणक न लागता ओल्या मातीसारखी दबणारी. अंगात ३७.८ अंश सेल्सिअस ताप होता.

मग जी हालचाल पहिल्या भेटीतच पाहायला हवी होती ती पाहिली. कोपर कुशीला टेकवून पुढचा हात बाहेरच्या बाजूला वळवायचा, आणि तो रुग्णाने न वळवता तपासणाऱ्याने हलकेच वळवायचा. खांदा खरोखर आखडलेला असेल तर ही हालचाल सर्वांत आधी आणि सर्वांत जास्त अडते. बाईंचा हात दोन्ही बाजूंना सारखाच, अगदी सहज वळला. दुखले ते हात नव्वद अंशांच्या वर नेताना आणि छातीवरून विरुद्ध खांद्याकडे ओढताना. याचा अर्थ खांद्याचा मुख्य सांधा निर्दोष होता आणि दुखणे कॉलरबोनच्या मुळाशी होते.

असे का व्हावे, हे समजायला या सांध्याची घडण पाहावी लागते. कॉलरबोनचे आतले टोक छातीच्या मधल्या हाडाच्या, म्हणजे उरोस्थीच्या, वरच्या कोपऱ्यातील उथळ खाचेत आणि पहिल्या बरगडीच्या कूर्चेवर टेकलेले असते. वैद्यकीय भाषेत हा स्टर्नोक्लॅव्हिक्युलर सांधा. रोजच्या बोलण्यात आम्ही त्याला एस-सी सांधा म्हणतो. सबंध हात धडाच्या सांगाड्याला हाडाने जोडलेला असतो तो फक्त येथे; खांद्याचे पाते पाठीवर स्नायूंच्याच आधाराने सरकत असते. हाडाचे टोक मोठे आणि खाच लहान, इतकी की टोकाचा निम्म्याहून कमी भाग उरोस्थीला भिडतो, त्यामुळे सांध्याची सगळी मदार अस्थिबंधांवर असते. पुढचा आणि मागचा अस्थिबंध, दोन्ही कॉलरबोनना गळ्याच्या खळगीवरून जोडणारा पट्टा आणि कॉलरबोनला पहिल्या बरगडीशी जखडणारा आखूड, जाड बंध हे त्यांतले मुख्य. यांतला शेवटचा पुढे शस्त्रक्रियेत महत्त्वाचा ठरणार होता. सांध्याच्या मध्ये कूर्चेची एक चकती असते आणि ती पोकळीचे दोन कप्पे करते. हात पूर्ण वर नेताना कॉलरबोन येथे तीसएक अंश वर उचलले जाते आणि स्वतःच्या अक्षाभोवती ४५ ते ५० अंश फिरते. म्हणूनच फळ्याच्या खालच्या ओळी बाईंना लिहिता येत होत्या आणि वरच्या नाही.

दुखणे खांद्यात का जाणवले, याचेही उत्तर आहे. या सांध्याकडे येणारे संवेदनातंतू मानेच्या तिसऱ्या-चौथ्या मज्जातंतूंतून येतात, आणि खांद्यावरच्या कातडीलाही तिथलेच तंतू मिळतात. त्यामुळे सांध्यातली वेदना कधी मानेत, कधी जबड्याकडे, कधी खांद्याच्या टोकावर उमटते. डावा सांधा दुखत असेल तर रुग्ण हृदयाच्या तपासण्या करून येतो.

काय काय असू शकले असते

या वयाच्या स्त्रीच्या कॉलरबोनच्या मुळाशी उंचवटा आला तर सर्वांत आधी झीज आठवते, आणि आकडेवारीच्या दृष्टीने ते योग्यही आहे. पन्नाशीनंतर या सांध्यात झिजेच्या खुणा पुष्कळांच्यात दिसतात, रजोनिवृत्तीनंतरच्या स्त्रियांमध्ये विशेष, आणि बऱ्याचदा उजव्या, म्हणजे जास्त वापरातल्या हाताच्या बाजूला. त्या दिवशी काढलेल्या साध्या एक्स-रेच्या अहवालातही ‘झिजेचे बदल’ असेच लिहून आले. पण झिजेचा उंचवटा टणक असतो, महिनोन्‌महिने हळूहळू वाढतो, फारसा गरम होत नाही आणि त्याने ताप येत नाही. येथे आठ दिवसांत सूज आली होती.

बाकीच्या शक्यतांपैकी काही एका प्रश्नात बाद झाल्या. मार लागलेला नव्हता, म्हणून सांधा निखळण्याचा प्रश्न नव्हता. तरुण, सैल सांध्यांच्या मुलींमध्ये हात वर नेला की कॉलरबोनचे टोक आपोआप पुढे सरकते आणि खाली आणला की जागेवर बसते. ते न दुखणारे असते आणि त्याला शस्त्रक्रिया करू नये हे बरे. कॉलरबोनचे आतले टोक एक्स-रेत पांढरेफटक, घट्ट दिसते असा एक सौम्य आजार तिशी-चाळिशीतल्या स्त्रियांत आढळतो. येथे हाड उलट धूसर दिसत होते. संधिवात, सोरायसिसशी निगडित सांधेदुखी आणि मणका ताठर करणारा संधिवात हे तिन्ही हा सांधा धरू शकतात, म्हणून सकाळचा आखडलेपणा, नखे, कातडी आणि कंबर यांची चौकशी केली. तळहात-तळपायांवर पुवाळलेल्या पुटकुळ्यांसारखे फोड येतात का, हेही मुद्दाम विचारले. तसे फोड आणि छातीच्या पुढच्या भागातील हाडांची जाड सूज एकत्र दिसली तर तो सॅफो नावाचा वेगळाच विकार असतो आणि त्याला जंतुसंसर्ग समजून महिनोन्‌महिने अँटिबायोटिक दिली गेल्याची उदाहरणे आहेत. त्यातले काहीच नव्हते.

तळपाय पाहताना मात्र उजव्या अंगठ्याच्या नखाशेजारी नुकतीच भरलेली जखम दिसली. “हे काय?” तर खांदा दुखू लागण्याच्या आठ-दहा दिवस आधी तिथे पू झाला होता आणि तो आपोआप फुटून वाहून गेला. खांद्याच्या डॉक्टरला ते सांगायची गरज त्यांना वाटली नव्हती, आणि वाटावी तरी का?

आता तीन शक्यता उरल्या : पू करणारा जंतुसंसर्ग, क्षयरोग आणि गाठ. क्षयरोगात सूज सहसा सावकाश येते, गरमी कमी असते आणि गळू झालेच तर ते थंड असते, पण केवळ लक्षणांवरून क्षयरोग नाकारणे धोक्याचे असते. सांध्यातला नमुना घेतल्याशिवाय यांतले काहीच ठरणार नव्हते.

इंजेक्शनविषयी थोडे विषयांतर करतो. झिजलेल्या एस-सी सांध्यात अल्ट्रासाऊंडखाली स्टेरॉइड देणे हा मान्य उपचार आहे आणि मी तो करतो. त्या दिवशी झिजेचा अहवाल, दुखणारा सांधा आणि इंजेक्शन मागणारी रुग्ण असे तिन्ही माझ्या समोर होते. आत पू असताना तेच औषध दिले असते तर दोन-तीन दिवस आराम पडला असता, साखर भडकली असती आणि जंतूंना मोकळे रान मिळाले असते. तेव्हापासून गरम लागणाऱ्या सांध्यात सीआरपीचा, म्हणजे शरीरातला दाह मोजणाऱ्या रक्तचाचणीचा, निकाल हातात येईपर्यंत मी सुई फक्त द्रव काढण्यासाठी घालतो.

तपासण्या

पांढऱ्या पेशी १३,८०० होत्या, सीआरपी ११८ मिलिग्रॅम प्रतिलिटर आणि दाहाचीच दुसरी खूण असलेला ईएसआर ९२. अँटिबायोटिकचा एकही डोस देण्याआधी दोन वेगवेगळ्या जागांहून रक्ताचे कल्चर, म्हणजे जंतू वाढवून ओळखण्याची चाचणी, घेतले. हा क्रम चुकला तर पुढचे सहा आठवडे अंदाजाने औषध द्यावे लागते.

साध्या एक्स-रेत हा सांधा नीट दिसतच नाही. बरगड्या, मणके आणि दुसऱ्या बाजूचे हाड त्यावर चढलेले असते. नळी डोक्याकडे ४० अंश कलवून काढलेल्या चित्रात दोन्ही बाजूंची तुलना थोडी बरी होते, पण निर्णय घ्यायला सीटी स्कॅन लागतो. सीटीमध्ये उजव्या कॉलरबोनचे टोक कुरतडल्यासारखे दिसत होते, सांध्यात द्रव होता आणि उरोस्थीच्या मागे सुमारे दोन सेंटिमीटरचा पुवाचा साठा होता. एमआरआयने हाडाच्या मगजातील सूज टोकापासून दीड सेंटिमीटरपर्यंत पोचल्याचे दाखवले. छातीच्या मधल्या पोकळीत संसर्ग पसरलेला नव्हता.

तो मागचा साठा पाहून मी त्याच दुपारी छातीच्या शल्यविशारदांना बोलावून घेतले. एस-सी सांध्याची पिशवी घट्ट असते, ती फारशी ताणली जात नाही. गुडघ्यासारखा हा सांधा पुवाने टम्म फुगत नाही, तर पू लवकरच पिशवी फोडून बाहेर पडतो. पुढे आला तर छातीवर गळू होते आणि दिसते. मागे गेला तर दोन पातळ स्नायूंच्या पलीकडे हात-डोक्याच्या मोठ्या रक्तवाहिन्या, श्वासनलिका आणि अन्ननलिका असतात. या संसर्गाच्या १८० रुग्णांचा एक आढावा २००४ साली प्रसिद्ध झाला होता. त्यात १३ टक्के रुग्णांच्या बाबतीत संसर्ग छातीच्या मधल्या पोकळीत पोचला होता आणि निम्म्याहून अधिक जणांचे हाड बाधित होते. ताप मात्र ६५ टक्क्यांनाच होता, आणि जवळजवळ पावभाग रुग्णांत मधुमेह, शिरेतून घेतलेली नशा किंवा मोठ्या शिरेतली नळी असे कोणतेही कारण सापडले नव्हते. शेवटचे दोन आकडे मला जास्त महत्त्वाचे वाटतात.

अल्ट्रासाऊंडखाली पुढच्या बाजूने सुई घालून तीन मिलिलिटर गढूळ, पिवळसर द्रव काढला. सूक्ष्मदर्शकाखाली त्यात द्राक्षांच्या घोसासारखे गोल जंतू दिसले. दोन दिवसांत कल्चरमध्ये स्टॅफिलोकॉकस ऑरियस वाढला, आणि तो साध्या औषधांना दाद देणारा होता. त्या २००४च्या आढाव्यातही सुमारे निम्म्या रुग्णांत हाच जंतू होता. रक्ताच्या दोनपैकी एका कल्चरमध्येही तोच निघाला. अंगठ्यातून रक्तात आणि रक्तातून सांध्यात, असा त्याचा मार्ग असावा. क्षयरोगाची जनुकीय चाचणी नकारार्थी आली. हा जंतू रक्तात सापडला की हृदयाच्या झडपा तपासाव्याच लागतात. इकोत, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, त्या स्वच्छ होत्या आणि दोन दिवसांनंतर पुन्हा घेतलेले रक्ताचे कल्चरही कोरे आले.

औषध की शस्त्रक्रिया

कल्चरचा निकाल येईपर्यंत व्हँकोमायसिन आणि सेफ्ट्रियाक्सोन ही अँटिबायोटिक दिली, आणि निकाल येताच ती थांबवून दर आठ तासांनी दोन ग्रॅम सेफॅझोलिन शिरेतून सुरू केले. गोळ्या बंद करून साखर इन्सुलिनवर आणली. लवकर पकडलेला संसर्ग, हाड शाबूत आणि मागे पू नसलेला, केवळ औषधाने आणि एखाद-दोन वेळा द्रव काढून बरा होतो. आमच्याकडे हाडही शाबूत नव्हते आणि मागे पूही होता. तरीही साठा लहान होता, बाईंना शस्त्रक्रिया नको होती, आणि चार दिवस वाट पाहून पुन्हा स्कॅन करायचे असे आम्ही ठरवले. हा निर्णय मी आजही चुकीचा मानत नाही, पण वाट पाहण्याची तारीख आधीच लिहून ठेवली होती म्हणून तो निभावला.

चौथ्या दिवशी सीआरपी ९६ होता, संध्याकाळी पुन्हा ३८.४ ताप आला आणि स्कॅनमध्ये साठा साडेतीन सेंटिमीटरचा झाला होता.

शस्त्रक्रिया किती मोठी करावी यावर आमच्यात मतभेद झाले आणि ते वैद्यकीय साहित्यातही आहेत. एक मत असे की छेद देऊन पू काढावा, सांधा धुवावा आणि थांबावे. दुसरे मत असे की हाड सडलेले असताना नुसते धुतले तर काही आठवड्यांनी पू पुन्हा डोके वर काढतो. म्हणून कॉलरबोनचे टोक, उरोस्थीचा लगतचा भाग आणि गरज पडल्यास पहिल्या बरगडीचा तुकडा असे सगळे एकत्रच काढावे. आम्ही मधला मार्ग धरला : सडलेले सगळे काढायचे, पण निरोगी, रक्त देणारे हाड लागले की तिथेच थांबायचे. थांबण्याला महत्त्व होते ते बरगडीच्या त्या आखूड बंधामुळे. तो कॉलरबोनच्या खालच्या बाजूला टोकापासून साधारण एक सेंटिमीटरवर सुरू होतो. तो पूर्ण तुटला तर उरलेले हाड मोकळे होऊन वर-पुढे झुलते, आणि आधी दुखणारा सांधा जाऊन त्या जागी दुखणारे, अस्थिर हाड येते. झिजेसाठी टोक कापतानाही म्हणूनच एक सेंटिमीटरच्या आत राहण्याची शिकवण आहे.

भूल दिल्यावर पाठीखाली, दोन्ही खांद्यांच्या मध्ये घडी केलेली चादर ठेवली. छातीचे शल्यविशारद हात धुऊन टेबलापाशी उभे होते आणि छाती उघडावी लागली तर लागणारी करवत खोलीतच होती. कॉलरबोनच्या आतल्या भागावरून उरोस्थीवर वळणारा छेद घेतला. सांध्याची पिशवी उघडताच पू आला. मधली चकती भिजलेल्या पुठ्ठ्यासारखी तुकड्या-तुकड्यांनी निघाली, आणि हाडाचे टोक क्युरेटखाली, म्हणजे खरवडायच्या चमच्याखाली, ओल्या खडूसारखे भुगा होत होते. हाडाच्या मागे सपाट रिट्रॅक्टर सरकवून, म्हणजे करवतीचे टोक आणि रक्तवाहिनी यांच्यामध्ये धातूची भिंत उभी करून, दीड सेंटिमीटर हाड कापले. कापलेल्या तोंडातून लालभडक रक्ताचे थेंब आले तेव्हा थांबलो. बंधाचे बाहेरचे तंतू शाबूत राहिले. उरोस्थीची कड खरवडली, मागचा साठा बोटाने मोकळा करून सुमारे १५ मिलिलिटर पू काढला. पहिल्या बरगडीची कूर्चा निरोगी होती, ती तशीच ठेवली.

हाड जागेवर धरून ठेवायला तार किंवा पिन घातली नाही. हे सांगायचे कारण असे की निखळलेला एस-सी सांधा तारांनी धरून ठेवण्याची पद्धत एके काळी होती, आणि त्या तारा तुटून किंवा सरकून हृदयात आणि मोठ्या रक्तवाहिन्यांत गेल्याच्या, त्यात मृत्यू झाल्याच्याही नोंदी आहेत. आज सांधा पुन्हा बांधावाच लागला तर मांडीच्या मागच्या स्नायूची दोरी काढून ती दोन्ही हाडांतल्या छिद्रांतून इंग्रजी आठच्या आकारात ओवतात. संसर्गात अर्थातच तेही करायचे नसते.

जखम उघडी ठेवून तिच्यावर व्हॅक ड्रेसिंग, म्हणजे आतला स्राव सतत ओढून घेणारी पट्टी, लावले. पाचव्या दिवशी ती स्वच्छ, गुलाबी दिसल्यावर छातीच्या मोठ्या स्नायूचा उरोस्थीकडचा भाग सैल करून पोकळीत सरकवला आणि त्वचा शिवली. स्नायू पोकळी भरतो, मागच्या रक्तवाहिन्यांवर पांघरूण घालतो आणि त्याच्या रक्तपुरवठ्याबरोबर औषधही तिथे पोचते. काढलेल्या ऊतींचा अहवाल पुवाळलेल्या अस्थिशोथाचा आला; क्षयरोगाच्या गाठी किंवा कर्करोग नव्हता. क्षयरोगाचे लांब चालणारे कल्चरही शेवटी कोरेच निघाले.

पुढचे महिने

सेफॅझोलिन शस्त्रक्रियेपासून सहा आठवडे दिले, दंडातून बसवलेल्या लांब नळीवाटे. तिसऱ्या आठवड्यात सीआरपी २२ झाला आणि सहाव्या आठवड्यात पाचच्या खाली आला. पहिले तीन आठवडे हात झोळीत होता, पण बोटे, मनगट आणि कोपर पहिल्या दिवसापासून हलते ठेवले; मधुमेहात खांदा खरोखरच आखडण्याची भीती असते आणि तेवढा विरोधाभास आम्हाला परवडला नसता. सहा आठवड्यांपर्यंत हात खांद्याच्या पातळीच्या वर न्यायचा नाही, असे सांगितले होते. त्यानंतर फिजिओथेरपी सुरू झाली, आणि ती चिठ्ठी पाठवणाऱ्या फिजिओथेरपिस्टकडेच पाठवा असा बाईंचा आग्रह होता. जोर लावायचे व्यायाम बाराव्या आठवड्यापासून सुरू केले.

सहा महिन्यांनी उजवा हात १६० अंशांपर्यंत वर जात होता. कॉलरबोनच्या मुळाशी बोटाचे पेर मावेल एवढा खळगा राहिला आहे, आणि जड वस्तू उचलून वर ठेवताना तिथे ओढ बसते असे त्या सांगतात. कॉलरबोनचे टोक नसतानाही हात इतका चालतो याचे त्यांना आश्चर्य वाटते. बंध शाबूत असेल तर सहसा असेच होते.

तेरा महिन्यांनी त्या ठरल्या तपासणीच्या आधीच आल्या. डाव्या बाजूला तशीच गाठ आली आहे, असे म्हणताना त्यांनी बोट नेमके सांध्यावर ठेवले होते. उंचवटा लहान, टणक आणि गार होता. दाबल्यावर किंचित दुखत होता. नीट विचारल्यावर तो निदान वर्षभर तिथे असावा, शस्त्रक्रियेनंतर रोज आरशात पाहायची सवय लागल्यामुळे आता दिसला, असे त्यांनीच मान्य केले. ताप नव्हता, सीआरपी ३ होता आणि एचबीए१सी ७.१ वर आले होते. सीटीमध्ये सांध्याची फट अरुंद झालेली आणि काठाला हाडाची छोटी वाढ दिसली. ही खरोखरच झीज होती. त्यांना गोळी दिली नाही आणि इंजेक्शनही दिले नाही. दुखले तर शेक, हात वर करून चालणारी कामे अधूनमधून थांबवणे, आणि तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी एवढेच लिहिले. केसपेपरला जोडायचा खांद्याचा तक्ता त्यांनी त्या दिवशीही भरला. चित्र अजून कॉलरबोनच्या मध्यावरच तुटते. बाईंनी पेनाने रेघ पुढे वाढवली, तिच्या टोकाला एक लहान गोल काढला आणि फुली त्या गोलात मारली.